लहरी पोहोचतात, धडा पोहोचतो का?



मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे आपल्या देशातील शाळांना कुलुपे लागली, ते दिवस तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असतील. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन. तोही मोबाइल वडील कामावर जाताना घेऊन जाणार. कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीतील गावांत तर मुले रेंज शोधत डोंगरावर चढत. काहींनी तिथे चार काठ्या रोवून, वर ताडपत्री घालून अभ्यासाची खोपटी उभारली. एवढे करून वर्ग सुरू झाला, की बाईंचे चित्र मध्येच थांबे. हातात खडू, तोंड अर्धे उघडे आणि मधोमध गोल फिरणारे चक्र!

हा अडथळा डोळ्यांना दिसत होता. पण आणखी एक अडथळा होता, तो मात्र कोणालाच दिसत नव्हता. रेंज उत्तम आहे, चित्र स्पष्ट आहे, आवाज खणखणीत आहे, मुलगा समोर बसून मान डोलावतो आहे आणि तरीही आठ दिवसांनी विचारले तर त्याला काही सांगता येत नाही. लहरी पोहोचल्या, धडा पोहोचला नाही.

शाळा उघडल्या, तरी पडद्यावरचे शिक्षण थांबलेले नाही. अवघड प्रकरण समजून घेण्यासाठी तुम्ही आजही व्हिडिओ पाहता. उद्या महाविद्यालयात गेलात, नोकरीला लागलात, तरी नवे काही शिकताना पुष्कळदा असेच शिकावे लागेल. म्हणून हे दोन्ही अडथळे कसे निर्माण होतात आणि कसे ओलांडता येतात, ते आज पाहू.

नभोवाणीवरची शाळा

दुरून शिकवण्याची वेळ जगावर करोनाने पहिल्यांदा आणली असे नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली. सुट्टी संपली तरी शाळा उघडता येईनात. तेव्हा शहरातील सहा नभोवाणी केंद्रांनी आपला वेळ विनामूल्य दिला. तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी रोज छोटे छोटे पाठ प्रक्षेपित होऊ लागले. कोणत्या इयत्तेचा कोणता विषय किती वाजता, याचे वेळापत्रक आणि त्या दिवसाचा गृहपाठ सकाळच्या वर्तमानपत्रात छापून येई.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलांच्या आणि पालकांच्या शंकांसाठी एक दूरध्वनी क्रमांक जाहीर केला होता. पहिल्याच दिवशी त्यावर हजाराहून अधिक दूरध्वनी आले आणि उत्तरे देण्यासाठी आणखी शिक्षक बसवावे लागले! ज्या घरांत रेडिओ नव्हता किंवा ऐकू नीट येत नव्हते, ती मुले मागे राहिली. काहींना पाठाचा वेग झेपला नाही. वर्गात बोट वर करून थांबवता येते, तसे रेडिओला थांबवता येत नव्हते. शाळा उघडताच हा प्रयोग संपला. पण दुरून शिकण्यातील सगळे प्रश्न त्या थोड्या दिवसांतच समोर आले होते.

पायडलचा रेडिओ

याहून मोठी आणि आजही चालू असलेली कथा ऑस्ट्रेलियाची आहे. त्या खंडाच्या मध्यभागी शेकडो किलोमीटर वैराण माळ पसरलेला आहे. तेथे गुरे पाळणारी कुटुंबे एकमेकांपासून इतकी दूर राहतात, की शेजाऱ्याचे घर गाठायला मोटारीने काही तास लागावेत. अशा ठिकाणी शाळा काढणार कुठे? मुलांना टपालाने धडे येत. ते सोडवून परत पाठवायचे, ते तपासून यायला आठवडे लागत.

या भागात प्रथम संदेशवहन पोहोचले ते आजाऱ्यांसाठी. जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू केली. पण डॉक्टरला बोलावणार कसे? विजेचा पत्ता नव्हता. ॲडिलेडचे आल्फ्रेड ट्रेगर या तरुण अभियंत्याने त्यावर एक सोपी युक्ती काढली. त्यांनी रेडिओच्या प्रेषक यंत्राला सायकलसारखे पायडल असलेले जनित्र जोडले. पायडल मारले की चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरते आणि वीज निर्माण होते. सायकलच्या डायनॅमोचे तत्त्व तेच. या जनित्रातून सुमारे २० वॉट शक्ती मिळे. घरातील मोठ्या दिव्याला पुरणार नाही एवढी ही शक्ती. पण तेवढ्यावर संदेश शेकडो किलोमीटर दूर जाई!

१९२९ पासून हे संच मळ्यामळ्यांवर बसू लागले. सुरुवातीला त्यांवरून फक्त मोर्सची कड-कट्ट भाषा पाठवता येई. पुढे प्रत्यक्ष बोलणेही जाऊ लागले. ॲडिलेड मिथ्की नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी हे पाहिले. त्यांच्या मनात आले, की ज्या यंत्रावरून आई डॉक्टरशी बोलते, त्याच यंत्रावरून मूल शिक्षकाशी का बोलू नये? ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज या गावी 'हवेतील शाळा' अधिकृतपणे सुरू झाली. ती जगातील अशी पहिली शाळा मानली जाते.

सुरुवातीचे पाठ एकतर्फी होते. शिक्षक बोलत, मुले ऐकत. पण लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा वेळ ठेवण्यात आला आणि मग शाळेत जीव आला. या शाळेचे क्षेत्र सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे चार महाराष्ट्र मावतील एवढा एक वर्ग!

२० वॉट इतके दूर कसे जातात?

येथे तुम्ही विचाराल, मोबाइलची रेंज तर एका टेकडीआड गेले की जाते, मग पायडलच्या रेडिओचे बोलणे शेकडो किलोमीटर कसे जात असे?

याचे उत्तर लहरींच्या लांबीत आहे. ते संच लघुलहरींवर चालत. लघुलहरींची तरंगलांबी १० ते १०० मीटर असते. आपल्या डोक्यावर सुमारे १०० किलोमीटरपासून पुढे काही शे किलोमीटर उंचीपर्यंत आयनांबर नावाचा थर आहे. सूर्याच्या किरणांमुळे तेथील वायूंच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. हा थर लघुलहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. भिंतीवर चेंडू आपटून तो अडथळ्यापलीकडे टाकावा, तसेच हे. मात्र आयनांबराची स्थिती दिवसा, रात्री आणि ऋतूप्रमाणे बदलते. म्हणून कधी बोलणे स्पष्ट येई, तर कधी नुसती खरखर.

मोबाइलच्या लहरी याहून खूपच आखूड असतात. वारंवारता ९०० मेगाहर्ट्झ असेल, तर तरंगलांबी किती? प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला ९० कोटींनी भागा. उत्तर येते सुमारे ३३ सेंटिमीटर. या लहरी आयनांबरातून आरपार निघून जातात, परत येत नाहीत. जमिनीवर त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात. मनोरा आणि तुमचा मोबाइल यांच्यामध्ये डोंगर आला, की गाव त्याच्या सावलीत सापडते. मुले डोंगरावर का चढत होती, ते आता कळले ना? ती सावलीतून बाहेर येत होती.

आकाशातील शिक्षक

सावली टाळण्याचा दुसरा उपाय म्हणजे मनोराच आकाशात नेऊन ठेवणे! भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्याने एकाच जागी स्थिर दिसतो. आपल्या देशाने हा प्रयोग फार लवकर केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष, अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. खेड्यातील संचाला बारीक तारेच्या जाळीची ३ मीटर व्यासाची थाळी जोडलेली असे. सकाळी शाळेसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. त्यातच प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही देण्यात आले. केवळ मुलांना चित्रे दाखवून भागणार नाही, शेजारी उभा असलेला शिक्षकही तयार हवा, हे त्या योजनेत ओळखले होते.

ॲलिस स्प्रिंग्जच्या शाळेनेही या शतकाच्या पहिल्या दशकात लघुलहरी सोडून उपग्रह जवळ केला. आता मुले शिक्षकांना पाहू शकतात. मात्र उपग्रहाची एक अडचण आहे, ती तुम्हीच गणित करून पाहा. लहर वर जाणार ३५,७८६ किलोमीटर आणि तेवढीच खाली येणार. एकूण सुमारे ७१,६०० किलोमीटर. त्याला ३,००,००० ने भागले, की ०.२४ सेकंद. शिक्षकाने प्रश्न विचारला आणि तुम्ही तत्काळ उत्तर दिले, तरी ते परत पोहोचेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो. म्हणून अशा वर्गात दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही थांबतात! उपाय साधा आहे. बोलणे संपले की क्षणभर थांबायचे आणि एकेकाने नाव घेतल्यावरच बोलायचे.

टाकी आणि नळ

आता ते फिरणारे चक्र. इंटरनेटवरून येणारा पाठ शून्य आणि एक या अंकांच्या रूपात, छोट्या छोट्या पुडक्यांतून येतो. अशा प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. पुडकी कधी भराभर येतात, कधी रेंगाळतात. म्हणून मोबाइल पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतो. घरातील पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे. टाकीत पाणी येते कमी-जास्त, पण नळ मात्र एकसारखा वाहतो. येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारे जास्त झाले, की टाकी रिकामी होते. ते चक्र म्हणजे रिकामी टाकी भरण्याची वाट पाहणे होय. बहुतेक व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकडा बारीक आणि ठळक अशा अनेक प्रतींत ठेवलेला असतो. रेंज मंदावली, की मोबाइल हलकी प्रत मागवतो. चित्र एकाएकी अंधूक होते ते यामुळे.

कोणत्या प्रकारच्या पाठाला किती माहिती लागते? अर्ध्या तासाचा पाठ घ्या. व्हिडिओ सेकंदाला १० लाख बिट या दराने येत असेल, तर १,८०० सेकंदांत १८० कोटी बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे २२५ मेगाबाइट. तोच पाठ केवळ आवाजाच्या रूपात, सेकंदाला ३२ हजार बिट दराने आला तर? सुमारे ७ मेगाबाइट. व्हिडिओच्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी! आणि लिहिलेले पान? देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला साधारणतः ३ बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे पान म्हणजे अवघे ६ हजार बाइट. एका व्हिडिओच्या जागेत अशी ३७,५०० पाने बसतील!

यातून काय शिकायचे? रेंज कमी असेल तर पाठ बंद करू नका, त्याचे रूप बदला. चित्र बंद करून आवाज ऐका. पाठ पहाटे किंवा रेंज असेल तेथे उतरवून घ्या आणि मग पाहा. शिक्षकांकडून टिपण मागून घ्या.

दुसरा अडथळा: डोक्यातील

समजा, सर्व लहरी पोहोचल्या. पुढे काय होते?

१८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या प्रयोगांची हकीगत प्रसिद्ध केली. तो निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करी आणि काही वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजी. वीस मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसाने फक्त एक तृतीयांश आणि महिन्याने सुमारे एक पंचमांश. म्हणजे विसरण्याचा वेग पहिल्या दिवशीच सर्वांत जास्त असतो. अर्थपूर्ण धडा इतक्या वेगाने विसरत नाही, हे खरे. पण घसरगुंडी असते तीच.

मग उपाय कोणता? पुन्हा पुन्हा वाचणे? अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोघा संशोधकांनी २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो मिटवून आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ७५ टक्के. पुन्हा वाचणे सरस! पण थांबा. ज्यांची परीक्षा एका आठवड्याने घेतली, त्यांच्यात चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के, तर लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के आठवले.

पडद्यावरून शिकणाऱ्याची फसगत नेमकी येथे होते. शिक्षक सुरेख समजावतात, पाहताना सगळे सोपे वाटते आणि 'कळले' असे मन सांगते. वर्गात असता, तर सरांनी मध्येच तुमचे नाव घेतले असते आणि कळले आहे की नाही ते तत्काळ उघड झाले असते. पडदा तुम्हांला उभे करत नाही. ते काम तुम्हांलाच करावे लागते. पण पडद्याजवळ एक गोष्ट आहे, जी शिकागोच्या मुलांच्या रेडिओला नव्हती: थांबवण्याचे बटण! दर सात-आठ मिनिटांनी ते दाबा, वहीवर तीन ओळी न पाहता लिहा आणि मग पुढे जा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा एकदा आठवून लिहा.

शेजारचे माणूस

२०१२ च्या सुमारास जगातील नामवंत विद्यापीठांनी आपले पाठ इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले. लाखोंनी नावे नोंदवली. पण शेवटपर्यंत पोहोचणारे बहुतेक अभ्यासक्रमांत दहांत एकाहूनही कमी निघाले. पाठ उत्तम होते, शिक्षक उत्तम होते. मग उणीव कशाची होती? कित्येक जण नुसते डोकावायला आले होते, हे एक कारण. पण अडल्यावर विचारायला जवळ कोणी नाही आणि आज आपण आलो नाही तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, हेही मोठे कारण आहे.

ॲलिस स्प्रिंग्जच्या शाळेने ही गोष्ट प्रारंभापासून सांभाळली. प्रत्येक घरी आई किंवा नेमलेली शिक्षिका मुलाच्या शेजारी बसते. शिक्षक लांबचा प्रवास करून मुलांच्या घरी भेट देतात. वर्षातून काही वेळा सर्व मुले गावात एकत्र येतात. ज्याचा फक्त आवाज ऐकला, त्या मित्राबरोबर खेळतात. सत्तर वर्षांत पायडल गेले, बॅटरी आली, लघुलहरी गेल्या, उपग्रह आला. यंत्रे सगळी बदलली. शेजारचे माणूस मात्र बदलले नाही.

आपल्याकडे २०२० मध्ये अनेक शिक्षकांनी हेच केले. कोणी वस्तीवर जाऊन झाडाखाली वर्ग घेतला, कोणी ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवला, कोणी गावाच्या भिंतींवर पाढे आणि आकृत्या रंगवल्या. ज्या घरात मोबाइल नव्हता, तेथे भिंत पोहोचली!

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती. दूरचा पाठ द्याल तेव्हा त्यासोबत तीन प्रश्न द्या, त्यांची उत्तरे मागा आणि ज्याचे उत्तर दोनदा आले नाही त्याच्या घरी एक निरोप धाडा. बहुधा तो आळशी नसतो. त्याच्या घरी मोबाइल नसतो किंवा पहिल्याच पायरीवर तो अडलेला असतो आणि सांगायला लाजत असतो.

आणि तुम्ही? तुमच्या वर्गातही असा एखादा मित्र असेल. तो गप्प असेल तर त्याला एक हाक मारा.

करून पाहा

१. रेंजचा नकाशा: घराचा आणि अंगणाचा आराखडा काढा. दहा ठिकाणी उभे राहून मोबाइलवर रेंजच्या किती रेघा दिसतात ते लिहा. खिडकी, जाड भिंत, पत्र्याचे छप्पर, गच्ची यांचा काय परिणाम होतो? अभ्यासाची जागा त्याप्रमाणे ठरवा.

२. स्मरणाचा प्रयोग: वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. सर्वांना न शिकवलेला एक पानाचा उतारा सात मिनिटे वाचायला द्या. मग पहिल्या गटाने सात मिनिटे तोच पुन्हा वाचावा. दुसऱ्याने तेवढाच वेळ न पाहता लिहून काढावा. आठ दिवसांनी, आधी न सांगता, त्यावर दहा प्रश्न विचारा. दोन्ही गटांची सरासरी काढा.

३. विचार करा: दूरच्या वर्गात शिक्षक बोलत असतानाच तुम्ही 'हो' म्हणालात. भूस्थिर उपग्रहामार्गे तो 'हो' त्यांच्या कानी पडेपर्यंत त्यांनी आणखी किती शब्द उच्चारलेले असतील? सेकंदाला अडीच शब्द, असा बोलण्याचा वेग धरा. त्यांचे बोलणे तुमच्यापर्यंत येतानाही वेळ लागतो, हे विसरू नका.